विमानाच्या केबलीच्या नावाखाली ७६,४३० रुपयांना लुटलं

फोटो आणि सर्टिफिकेट पाठवून कुणी 'इम्पोर्टेड एव्हिएशन ग्रेड' थ्रॉटल केबल (विमानाच्या इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी तार) विकत असेल, तर एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. माझे ७६,४३० रुपये गेलेत. दोन थ्रॉटल आणि एक चोक (थंड इंजिन सुरू करायला लागते ती) अशा तीन केबलींचा सेट ३८,५००. त्यावर जीएसटी ६,९३०. बसवायला त्याचाच माणूस आला, त्याचे ९,०००. आणि कॉकपिटमधला थ्रॉटलचा लिव्हर जड चालतो म्हणून तक्रार केली तर 'कार्बोरेटर ओव्हरहॉल'चे, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग खोलून दुरुस्त करण्याचे, २२,०००!

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचा कास्टिंगचा धंदा आहे. शेडमागे रोटॅक्स ९१२ इंजिनाचं दोन सीटचं विमान बांधतोय. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, मग आपल्याला का जमू नये, एवढीच जिद्द. लोखंडातलं मला कळतं. पण असे पार्ट इथं दुकानात मिळत नाहीत, कागद बघूनच विश्वास ठेवावा लागतो. आणि कागद चोख होते.

बसवल्या दिवसापासून लिव्हर जड. माणसानं आउटरमध्ये, म्हणजे केबलीच्या बाहेरच्या नळीत, तेल मारलं, "नवीन हाय साहेब, मोकळी होईल" म्हणाला. जमिनीवर इंजिन चालवलं, तर आणखी अडकायला लागली. परत आला आणि दोष कार्बोरेटरवर ढकलला.

तेव्हाचा तो क्षण आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. दोन्ही कार्बोरेटर उतरवून टेबलावर ठेवलेले. केबलींची टोकं मोकळी लोंबत होती. मी कॉकपिटमध्ये बसून सहज लिव्हर ओढला, आणि तो तितकाच जड! कार्बोरेटर इंजिनावर नाहीच, तर दोष त्याचा कसा? मी विचारलंसुद्धा. "टोक लोंबतंय म्हणून वाकडी ओढली जाते," हे उत्तर त्यानं इतक्या ठामपणे दिलं की समोर कुणीही असता तरी गप्प बसला असता. बावीस हजार तिथंच घेतले.

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आउटर उभा चिरला. एक्झॉस्टजवळून केबल जाते तिथं आतलं लायनर वितळून तारेला चिकटलेलं. चांगल्या केबलीतलं टेफ्लॉनचं लायनर २६० अंशांपर्यंत टिकतं. हे साधं प्लास्टिक होतं. तारेवर गंज. वरचं इंग्रजी लेबल नखानं निघालं.

केबल जड वाटली की पहिलं काम म्हणजे कार्बोरेटरकडचं टोक सोडवा. तरीही जड असेल तर दोष केबलीत, नाहीतर पुढं कार्बोरेटरकडे. मग क्लॅम्प एकेक करून ढिला करा, जास्त आवळलेला क्लॅम्पही केबल धरतो. वळणं मोठी ठेवा. टेफ्लॉन लायनर असेल तर तेल ओतूच नका, धूळ बसते.

आणि हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. या इंजिनाच्या दोन्ही कार्बोरेटरवरची स्प्रिंग थ्रॉटल उघडण्याकडे ओढते. केबल तुटलीच तर इंजिन फुल पॉवरवर राहावं म्हणून. पण केबल अडकली तर उतरताना एक कार्बोरेटर बंद आणि दुसरा उघडा राहू शकतो. आत माझा मुलगा बसणार होता.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? "माल मिळालाय की, मग ही दिवाणी बाब झाली." दुसऱ्या टेबलावर, "विमान पडलंय का?" म्हणजे पडल्यावर यायचं? ऑनलाइन फसवणुकीवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. बँकेनं तेच वाक्य इंग्रजीत लिहून पाठवलं. एका सरकारी कार्यालयानं कळवलं की घरी बांधलेल्या विमानाच्या पार्टची जबाबदारी बांधणाऱ्याची. खोटं सर्टिफिकेट छापणाऱ्याची जबाबदारी कुणाची, यावर एक ओळ नाही! सर्टिफिकेटची प्रत सगळ्यांना दिली, एकानंही ती नीट वाचली नाही.

भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टानं पाठवा, कायद्यानं तो हक्क आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी तिथं अर्ज केलाय. सर्टिफिकेट आलं की त्यावरचा नंबर थेट बनवणाऱ्या कंपनीला मेल करून विचारा, विकणाऱ्यानं दिलेल्या फोनवर नाही. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. माझ्या बिलावरचा भलत्याच धंद्याचा निघाला.

असाच सेट कुणी घेतला असेल तर केबल फेकू नका, चिरून फोटो काढा, पैसे पाठवल्याच्या पावत्या जपा आणि तुमच्या जिल्ह्यात तक्रार नोंदवा. एकट्याच्या तक्रारीला दिवाणी म्हणून वाटेला लावतात, दहा जणांच्या तक्रारींना तसं करता येणार नाही.