मोतीबिंदू "विरघळवणारे" ड्रॉप्स : नाशिकरोडला आमच्या अण्णांना कसं गंडवलं

जेलरोड, उपनगर, नाशिकरोड भागात राहणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं कोणी आहे त्या सगळ्यांनी हे वाचा. लांबलंय, पण मुद्दाम सगळं लिहितेय, कारण या लोकांचा एकेक प्रकार सुटा बघितला तर त्यात खोटं काही दिसतच नाही.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, नोटप्रेसमधून रिटायर झालेले. नोटांच्या शीटवर कुठे शाई पसरलीय, कुठे रेघ तुटलीय हे शोधण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आपली नजर कमी होतेय हे त्यांना मान्यच नव्हतं. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती झगमगाट दिसायचा, उजेड पिवळट वाटतो म्हणून दोनदा ट्यूब बदलून झाली, चष्म्याचा नंबर वर्षाच्या आत बदलला. ही सगळी मोतीबिंदूची लक्षणं, मी आणि माझे मिस्टर दोघंही त्यांच्या मागे लागलो होतो की सिव्हिलला तरी दाखवून या. पण त्यांच्या आईचं जुन्या काळी ऑपरेशन झालेलं, तेव्हा आत लेन्स बसवत नव्हते, टाके, कित्येक दिवस पट्टी आणि नंतर तो जाड भिंगाचा चष्मा, ते डोक्यात पक्कं बसलेलं. आणि नेमकं हेच भय ही माणसं विकून खातात.

कॉलनीच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिराचा बॅनर लागला. बॅनरवर हॉस्पिटलचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, नुसतं कुठलंतरी सेवा केंद्र आणि मोबाईल नंबर. पांढरे कोट घातलेली पोरं होती आणि हनुवटी टेकवून नंबर काढायचं मशीन होतं. त्या मशीनचाच माणसावर प्रभाव पडतो हो, पण ते मशीन फक्त चष्म्याचा नंबर सांगतं, मोतीबिंदू किती झालाय किंवा डोळ्याचं प्रेशर किती आहे यातलं काही सांगत नाही. मोबाईलवर एक लालसर गोळा दाखवून "काका हा तुमचा पडदा, बघा किती गढूळ झालाय" असंही सांगितलं. मोतीबिंदू पडद्यावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या रेटिनावर, नसतोच, तो पुढे भिंगात असतो! भिंगातले प्रथिनांचे धागे वयानुसार गुठळतात आणि भिंग धूसर होतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा परत पातळ होत नाही तसंच हे, थेंब टाकून त्याला परत स्वच्छ करणारं औषध आजपर्यंत कोणाकडेच नाही.

मग नेहमीचं. "पिकायच्या आत आलात म्हणून वाचलात, ऑपरेशन कशाला, तीन महिन्यांत विरघळेल, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट शून्य." कोर्स १४,५०० चा, आजच्या आज भरले तर ९,८००. अण्णांनी घरात न विचारता पेन्शनमधून रोख दिले आणि बदल्यात मिळाला एक चिठोरा, त्यावर औषधाचं नाव नाही, फक्त "सेवा शुल्क". म्हणजे उद्या कोणी विचारलं तर आम्ही औषध विकलंच नाही म्हणायला मोकळे.

आता यातला खरा डाव सांगते. थोड्या दिवसांनी अण्णांना खरंच फरक वाटायला लागला. डोळे एकदम पांढरेशुभ्र दिसायला लागले. मग त्यांचा माणूस घरी येऊन तपासणी करून गेला, सोबत तोच अक्षरांचा तक्ता, आणि अण्णांनी कॅम्पपेक्षा दोन ओळी जास्त वाचल्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एक दिवस सकाळी चष्मा न लावता पेपर वाचायला लागले. मला हाक मारून म्हणाले, "अगं, ये इकडे, बारीक जाहिरातीसुद्धा दिसतायत, तुम्ही उगाच शंका घेता." सोसायटीत सांगत सुटले आणि त्यांच्या शब्दावर अजून चार जणांनी कोर्स घेतला.

भांडं फुटलं ते चष्म्याच्या दुकानात. फ्रेमची काडी तुटली म्हणून बिटको चौकात गेले होते, दुकानातल्या मुलीने सहज नंबर तपासला तर लांबचा मायनस नंबर एवढा वाढलेला की ती म्हणाली काका मी चष्मा बनवणार नाही, आधी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. गिऱ्हाईक परत पाठवलं तिने, याचं मला फार कौतुक वाटलं.

डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून, स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं मशीन) बघून, प्रेशर घेऊन मग आम्हाला समोर बसवून समजावलं. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा मधला भाग घट्ट होत जातो, तसा मायनस नंबर वाढतो, आणि मायनस वाढला की जवळचं वाचायला लागणारा प्लसचा चष्मा काही काळ लागेनासा होतो. म्हणजे अण्णांना पेपर दिसायला लागला तो मोतीबिंदू कमी झाला म्हणून नाही, वाढला म्हणून! पुढे तेही धूसर होतं. ऐकून माझं डोकंच सुन्न झालं, कारण आजाराचंच लक्षण हे लोक औषधाचा गुण म्हणून दाखवतात आणि पेशंट स्वतःच त्यांची जाहिरात करत फिरतो.

तक्त्याचं कोडं घरी येऊन माझं मीच सोडवलं. तो मोठा तक्ता २० फुटांवरून, म्हणजे ६ मीटरवरून वाचायचा असतो. आमच्या हॉलच्या फरशा दोन फुटी आहेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजल्या तर १२ फूट पण भरत नाही, वर खिडकीचा लख्ख उजेड. दोन ओळी जास्त दिसणार नाहीत तर काय होणार.

आणि डोळे पांढरे? डॉक्टर म्हणाले आत काय घातलंय ते लॅबशिवाय सांगता येणार नाही, बाटलीवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्स्पायरी काहीच नाहीये. पण लाली झटकन घालवणाऱ्या थेंबांमध्ये कधीकधी स्टिरॉइड असतं, आणि स्टिरॉइड दिवसेंदिवस टाकत राहिलं तर काही लोकांचं डोळ्याचं प्रेशर चढतं, मोतीबिंदू पण वाढतो. साधारण १० ते २१ च्या मधे हवं ते प्रेशर अण्णांच्या डाव्या डोळ्यात ३४ निघालं. त्या डोळ्याची बाजूची नजर थोडी गेलीय. ती थेंबांमुळे गेली की काचबिंदू (बहुतेक वेळा प्रेशर वाढून डोळ्याची नस खराब होते तो आजार) आधीपासून लपून होता हे डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाहीत आणि मी पण सांगणार नाही, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूचं तसं नाही, ऑपरेशन करून लेन्स बसवली की दिसतं. लोक हे दोन्ही एकच समजतात म्हणून लिहितेय. पन्नाशीनंतर, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्याच्याही आधी, प्रेशर तपासून घ्या, सुरुवातीला ना दुखत ना काही कळत.

त्या शिबिरवाल्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "ताई, ऑपरेशनवाल्यांचा धंदा बसतो म्हणून ते असं बोलतात." मग नंबर बंद. अण्णा तरी अडून होते, "पेपरात आलं होतं ना, ड्रॉप्सने चष्मा जातो म्हणून." आलं होतं, खरंय. २०२४ मध्ये चाळिशीच्या चष्म्यासाठी ड्रॉप्स निघाले, त्यात बाहुली काही तास बारीक करायचं औषध, मोतीबिंदूशी त्याचा काही संबंधच नाही, आणि कंपनीने जास्तीचे दावे केले म्हणून केंद्राच्या औषध नियंत्रकांनी काही दिवसांतच परवानगी स्थगित केली. पहिली बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली, दुसरी कोणी फॉरवर्ड केली नाही.

हे सगळं सांगायला लागल्यावर लोकांचे किस्से निघाले. निफाडकडचे एक द्राक्षवाले काका, ऊन आणि धुळीत आयुष्य, डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांस वाढलेलं, त्यांनाही हीच बाटली "मोतीबिंदू" म्हणून. ते वेगळंच असतं, बुबुळावर चढत असेल तर काढावं लागतं, नाहीतर गॉगल आणि डॉक्टरांची नजर पुरते. शेजारच्या पोराचे डोळे आले होते तर मेडिकलवाल्याने न विचारता स्टिरॉइडचा ड्रॉप दिला. डोळे येणं बहुतेक वेळा व्हायरसमुळे असतं, एक-दोन आठवड्यात आपोआप जातं, टॉवेल-उशी वेगळी ठेवायची, हात धुवायचे. रांजणवाडीला गरम पाण्याचा शेक, फोडायची नाही. पण डोळा लाल, जबरदस्त दुखतोय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, किंवा अचानक विजा चमकल्यासारखं होऊन काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. डायबेटिस असेल तर दिसण्यात काही फरक नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासायचाच.

सगळी शिबिरं खोटी असतात असं अजिबात नाही. खऱ्या शिबिरात हॉस्पिटलचं नाव असतं, कागदावर नजर किती आहे ते ६/३६, ६/६० असं लिहून देतात, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनला पाठवतात, सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं, आणि तिथल्या तिथे हजारोंचा कोर्स कोणी गळ्यात मारत नाही. सिंहस्थ येतोय, गर्दीत असले तंबू किती लागतील देव जाणे. आणि मी आयुर्वेदाच्या विरोधात नाहीये, पण आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरसुद्धा लायसन्स नंबर लागतोच. मोतीबिंदू, काचबिंदू औषधाने बरा करतो अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे, जादूटोण्याचे उपाय आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा, त्याच्या यादीत दोन्ही नावं आहेत. म्हणून बॅनरचा फोटो हाच पुरावा.

अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. डाव्याचं प्रेशर आधी खाली आणतायत. तक्रार आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिलीय आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलीय, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पावती नीट नसल्यामुळे आमचं एकट्याचं प्रकरण जरा लंगडं पडतंय, त्यामुळे त्या शिबिरात ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी थेंब आजच बंद करा, डोळे दाखवून घ्या, पण बाटली, चिठोरा, कॉल रेकॉर्ड यातलं काही टाकू नका आणि मला कळवा, पाच-सहा जणांच्या सह्या झाल्या की एकत्रच देऊ.