व्हेंटॉय: एका पेनड्राइव्हवर हव्या तितक्या प्रणाली

संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या खणात पूर्वी चिठ्ठ्या चिकटवलेले चार-पाच पेनड्राइव्ह हमखास असत. एकात विंडोज, दुसऱ्यात उबुंटू ही लिनक्स प्रणाली, तिसऱ्यात रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट. व्हेंटॉय या मोफत, मुक्तस्रोत साधनाने ती गरज संपवली आहे. पेनड्राइव्हवर ते एकदा बसवायचे (त्या वेळी आतले सगळे पुसले जाते, म्हणून हवे ते आधीच काढून ठेवावे) आणि नंतर आयएसओ फाइली (प्रणालीच्या संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) त्यात नुसत्या कॉपी करायच्या. त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की या फाइलींची यादी पडद्यावर येते व हवी ती निवडता येते.

संगणक सुरू होण्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर हे साधन ताबा घेते, ते पाहिले म्हणजे त्याची खुबी ध्यानात येते. जुन्या बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) यंत्रात प्राथमिक तपासणी आटोपल्यावर डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत घेतला जातो आणि तेथील कोडकडे सूत्रे जातात. बायोसची जागा घेणाऱ्या युईएफआयच्या यंत्रात मात्र फॅट स्वरूपाच्या पार्टिशनमधली (डिस्कच्या विभागातली) ठरावीक नावाची फाइल शोधून चालवली जाते. व्हेंटॉयने दोन्हींची सोय केली आहे: पहिल्या सेक्टरमध्ये त्याचा कोड असतो आणि युईएफआयसाठी ३२ एमबीचे स्वतंत्र पार्टिशन. उरलेली जागा एक्सफॅट स्वरूपाची असल्यामुळे ४ जीबीहून मोठी, फॅट३२ मध्ये न मावणारी विंडोजची आयएसओ फाइलही विनातक्रार राहते.

खरी कसोटी त्यापुढे लागते. निवडलेली आयएसओ फाइल जणू डीव्हीडीच आहे, असे व्हेंटॉय बूटलोडरला (प्रणाली मेमरीत आणणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) भासवते. पण लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एकदा चालू झाले की ते स्वतःच्या ड्रायव्हरनी डिस्क शोधू लागते आणि त्याला ही आभासी डीव्हीडी दिसतच नाही. म्हणून कर्नलबरोबर मेमरीत जाणाऱ्या प्रारंभिक फाइलसंचात व्हेंटॉय आपल्या स्क्रिप्ट घुसवते आणि त्या पुढे ती डीव्हीडी पुन्हा उभी करतात. लिनक्सचे एखादे अनोळखी वितरण (तयार संच) येथेच अडू शकते. अशा वेळी मेनूतला ‘ग्रब२ मोड’ हा सुरू करण्याचा दुसरा पर्याय वापरून पाहावा.

सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सहीचा कोड चालू देणारी सुरक्षा) चालू असलेल्या यंत्रावर पहिल्या वेळी निळा पडदा येतो. तेथे ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडून व्हेंटॉयची की नोंदवावी लागते. ती नोंद त्या संगणकात कायम राहते, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावर हे काम विचारल्याशिवाय करू नये. स्रोतसंहितेसोबत (प्रोग्रामच्या मूळ कोडसोबत) आधीच कंपाइल केलेल्या, म्हणजे वाचून तपासता न येणाऱ्या, काही फाइली येतात, यावरही मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात बरीच चर्चा झाली आहे आणि माझ्या मते तो आक्षेप रास्त आहे, कारण प्रणाली जागी होण्याआधीच चालणाऱ्या कोडवर प्रणालीतल्या अँटीव्हायरसची नजर नसते.

तरीही घरच्या किंवा दुकानातल्या दुरुस्तीसाठी मी व्हेंटॉयचीच शिफारस करेन. बँकेच्या वा कार्यालयाच्या गोपनीय माहितीच्या यंत्रासाठी मात्र अधिकृत आयएसओ फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहून घ्यावी. ६४ जीबीचा, यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह पुरेसा होतो आणि नवी आवृत्ती बसवताना ‘अपडेट’ निवडले तर आतल्या फाइलींना धक्का लागत नाही.