डाळिंब संशोधनावरचा सरकारी पैसा: आधी-नंतर पाहायचं की शेजारगावाशी ताडायचं?

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे. समजा, तेल्या रोगाच्या (डाळिंबावरच्या जिवाणूजन्य करप्याच्या) व्यवस्थापनावरचा खर्च फळला का, हे तपासायचं आहे. वाटा दोन.

पहिली, आधी-नंतर. केंद्राची फवारणीची शिफारस पोचण्याआधीचं आणि नंतरचं एकरी उत्पादन पाहायचं. स्वस्त काम, झटपट उरकतं, अहवालात शोभतंही. पण तेल्या पावसाळी दमट हवेत फोफावतो. कोरडं साल आलं की रोग आपसूक ओसरतो आणि श्रेय फवारणीला जातं. पावसाळ्यातला मृग बहार सोडून पाऊस सरता धरायचा हस्त बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरला तरी तेच.

दुसरी, शिफारस न पोचलेली गावंही सोबत मोजायची. समजा, पोचलेल्या गावांत एकरी 3 टनांचे 5 झाले, न पोचलेल्यांत 3 चे 4.5. मग संशोधनाच्या वाट्याला 2 टन नव्हे, अर्धा टनच येतो. गावं मात्र जोडीची हवीत: जमीन, पाणी, बागेचं वय, बहार सारखा. सांगोल्याचं माळरान उजनीच्या कालव्याखालच्या गावाशी ताडलं, की आकडा पाण्याचा निघतो. उत्पादन तोंडी विचारू नका, आडत्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) मागा. डागी फळं वेगळी मोजा. उपटून टाकलेल्या बागाही यादीत ठेवा, नाहीतर तगलेल्याच दिसतात.

खरी अडचण पाहुण्यारावळ्यांची! मेव्हण्याकडून फवारणीचं वेळापत्रक न पोचलेल्या गावातही पोचतं आणि फरक पुसट होतो. म्हणून पहिली नोंद शिफारस बाहेर पडण्याआधीच घ्यावी.

निधी तुटपुंजा असेल तर पहिली वाट चालेल, पण सलग पाच हंगामांचे आकडे आणि मंडळनिहाय पावसाची नोंद जोडूनच.