उन्हाळी जोड : पाटी नसलेल्या दुकानातील गळसामानाचे परीक्षण

कोल्हापुरात गळाचे सामान मिळण्याची ठिकाणे थोडी आहेत आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ते ताडपत्री, दोरखंड आणि जाळी यांच्या गर्दीत एका कोपऱ्यात टांगलेले असते. पंचगंगेकडे उतरणाऱ्या जुन्या वस्तीतील ज्या दुकानाविषयी येथे लिहीत आहे, त्याला पाटीच नाही. गिऱ्हाईक त्याला नुसते ‘मामांचे दुकान’ म्हणते. होळीच्या सुमारास येथे ‘उन्हाळी जोड’ या नावाने एक कापडी पिशवी विकायला येते. तिच्यात आठ फुटांची घडीची काठी, मध्यम आकाराचे रीळ, नायलॉनची बारीक दोरी, तीन मापांच्या गऱ्या (गळाचे आकडे), सरकते बूच (पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारे), शिशाच्या गोळ्या, रबरी बेडूक, चाऱ्याची पुडी आणि सुतळीला बांधलेला एक तापमापक असतो. ही पिशवी मी होळीपासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत नदी, तलाव आणि धरणाच्या फुगवट्यावर वापरली. तिच्यातील काही वस्तू फार विचारपूर्वक निवडलेल्या आहेत, तर काही केवळ पिशवी भरलेली दिसावी म्हणून टाकलेल्या आहेत.

दुकानाची रीत प्रथम सांगितली पाहिजे, कारण पिशवीतील निम्मा माल त्या रीतीतून आलेला आहे. काठी दाखवा म्हटल्यावर मामा काठी दाखवत नाहीत. “पाणी बघून आलासा काय?” असे विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर आणखी एक प्रश्न टाकतात, “मग मासा कुठं हाय त्ये सांगा, काठीचं मागनं बघू.” नव्या गिऱ्हाइकाला हा उर्मटपणा वाटतो. तथापि उन्हाळ्याच्या तोंडावर याहून उपयुक्त प्रश्न कोणताही दुकानदार विचारू शकणार नाही, असे माझे मत आहे.

पौष-माघात मासा बहुतेक एका जागी असतो. पाणी गार असते, त्याची भूक मंदावलेली असते आणि तो खोल डोहाच्या तळाजवळ फारशी हालचाल न करता दिवस काढतो. फाल्गुनात काठाचे उथळ पाणी आधी तापते, तेथे शेवाळ आणि किडे वाढतात आणि मासा चरायला वर येऊ लागतो. रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्यातले मासे असल्यामुळे पाणी पंचवीस अंशांच्या पुढे गेले की त्यांची भूक चांगलीच वाढते. मात्र तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपासच. भूक वाढत असताना श्वासाची सोय कमी होत जाते, आणि चैत्रातील माशाची सारी ये-जा या ओढाताणीतून ठरते. सकाळी तो काठाशी असतो, ऊन चढले की सावलीत किंवा खोलवर जातो, संध्याकाळी वारा सुटला की पुन्हा वर येतो. सकाळी दोन फुटांवर ज्याने मासा धरला, तोच माणूस दुपारी त्याच जागी त्याच दोन फुटांवर गळ टाकून बसला तर बुचाकडे बघत बसण्यापलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही.

म्हणूनच या पिशवीतील सर्वांत मोलाची वस्तू सरकते बूच ही आहे, आणि गंमत अशी की किमतीच्या दृष्टीने तीच सर्वांत क्षुल्लक आहे. नेहमीचे बूच दोरीवर घट्ट बसवलेले असते, त्यामुळे बुचापासून गरीपर्यंतचे अंतर काठीच्या लांबीपेक्षा फारसे वाढवता येत नाही. आठ फुटांच्या काठीने बारा फूट खोलीवर मांडलेला गळ फेकणेच अशक्य होते. सरकते बूच फेकताना खाली शिशापाशी येऊन बसते. पाण्यात पडल्यावर शिसे तळाकडे जाते, दोरी बुचातून सरकत राहते आणि दोरीवर मारलेली दोऱ्याची गाठ बुचाशी येऊन अडली की गळ नेमका हव्या त्या खोलीवर थांबतो. खोली बदलायची असेल तर बोटांनी गाठ ओली करून वर किंवा खाली सरकवायची, एवढेच काम. गाठ बुचाच्या भोकातून निसटू नये म्हणून मध्ये एक मणी लागतो. त्यासाठी मामा पोत ओवायचे बारीक काळे मणी देतात, आणि ते बाजारातील रंगीत प्लॅस्टिकच्या मण्यांपेक्षा चांगले टिकतात. गाठ सुती दोऱ्याची असावी आणि तिची टोके अर्धा इंच लांब ठेवावीत, असे ते बजावून सांगतात. अगदी मुळाशी कापलेली टोके ताठ उभी राहतात आणि काठीच्या कड्यांत अडतात. एवढ्याशा सूचनेने बराच त्रास वाचतो. चढत्या उन्हाबरोबर ही गाठ टप्प्याटप्प्याने सरकवत गेल्यावर सकाळी दोन फुटांवर मिळालेला रोहू दुपारी दहा फुटांवर पुन्हा मिळाला, तेव्हा पिशवीचे पैसे तेथेच वसूल झाले असे मी धरतो.

तापमापक हा मत्स्यालयासाठी विकला जाणारा साधा काचेचा आहे. नुसता सुतळीला बांधून सोडला तर वर येईपर्यंत त्याचा पारा बदलतो, म्हणून तो लहान प्लॅस्टिकच्या बाटलीत बसवलेला आहे. बाटलीला तळाशी शिसे आणि गळ्याशी एक छिद्र आहे; ती खाली गेली की त्या खोलीचे पाणी आत भरते आणि तेच पाणी घेऊन ती वर येते. बाटली खाली चार-पाच मिनिटे ठेवावी लागते आणि तिची सुतळी गळाच्या दोरीत हमखास गुंतते, एवढाच तिचा दोष. एप्रिलमधील निवांत दुपारी पृष्ठभागाचे पाणी आणि पंधरा फुटांखालचे पाणी यांत तीन-चार अंशांचा फरक तिने स्पष्ट दाखवला. वारा सुटल्यावर हाच फरक संध्याकाळपर्यंत जवळजवळ नाहीसा होतो, कारण लाटांमुळे वरचे आणि खालचे पाणी एकमेकांत मिसळते. आपल्याकडे उन्हाळ्यातील संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून, घाटावरून येतो. तो पृष्ठभागावरचे खाद्य पूर्वेच्या काठाकडे लोटतो आणि काठावर आपटणाऱ्या लाटा पाण्यात हवा मिसळतात, त्यामुळे सूर्यास्ताच्या आधीचा तासभर पूर्वेचा काठ धरणे बहुधा फायद्याचे ठरते. दुकानात मोबाइलला जोडायचे मासेशोधक यंत्रही मांडलेले आहे. तलावाच्या काठावर बसणाऱ्याला त्याची गरज नाही, असे माझ्यापाशी खुद्द विक्रेत्यानेच कबूल केले.

नदीवर हिशेब बदलतो. पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांच्या खांबांमधील खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवले जाते आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढले जातात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या बंधाऱ्यांमागचे पाणी जवळजवळ स्थिर असते. ज्या ठिकाणी बरग्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते, त्याच्या खालच्या अंगाला मात्र फेसाळ, हवेशीर पाणी मिळते, आणि दुपारच्या वेळी शिंगाळा, वाम आणि लहान मृगळ तेथे गोळा झालेले असतात. येथे बुचाचा उपयोग नाही. तळाला बसणारे शिसे आणि गांडूळ हवे. पिशवीतील शिशाच्या गोळ्या तलावासाठी बेताच्या वजनाच्या आहेत, पण झिरपत्या पाण्यात त्या वाहून जातात. नदीवर बसणाऱ्याने दुकानातूनच चपटे, जड शिसे वेगळे मागून घ्यावे. धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचे पाणी, सुटते तेव्हा पाणी चढते आणि एक-दोन दिवस मासा जागा बदलत राहतो. अशा वेळी पाणी स्थिरावेपर्यंत घरी थांबलेले बरे. ज्या भागात सांडपाणी मिसळून नदी काळवंडते, तेथे तर उन्हाळ्यात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेथला मासा गळाला लागला तरी तो खाऊ नये.

केंदाळाने (जलपर्णीने) भरलेल्या तलावांविषयी दुकानातून मिळणारा सल्ला मला पिशवीइतकाच मोलाचा वाटला. पहाटेची वेळ सर्वांत उत्तम, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु वनस्पती रात्री प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे शेवाळ-केंदाळ माजलेल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका पहाटे. अशा वेळी कटला-रोहू पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ते चरायला आलेले नसतात, श्वासासाठी आलेले असतात, आणि नाकासमोर चारा धरला तरी तोंड लावत नाहीत. सूर्य हातभर वर आला, पाण्याला उजेड मिळाला, की मग गळ टाकावा. मरळ हा याला अपवाद आहे, कारण तो हवेतूनही श्वास घेतो आणि केंदाळाच्या कडेला भर दुपारीही तग धरून असतो.

याच मरळीच्या बाबतीत ही पिशवी कमी पडते. रबरी बेडकाच्या गऱ्या वरच्या बाजूला वळलेल्या असल्यामुळे तो केंदाळावरून न अडकता सरकतो, ही रचना योग्यच आहे. पण गऱ्यांची तार मऊ आहे आणि मोठ्या मरळीच्या पहिल्याच झटक्याला ती उघडते. शिवाय पिशवीतील काठी रोहूसाठी लवचीक ठेवलेली आहे. केंदाळात घुसणाऱ्या मरळीला तिने आवरणे शक्य नाही, आणि ०.२५ मिलिमीटरची दोरी तर तेथे शोभेचीच वस्तू आहे. ज्याला मरळच धरायची आहे त्याने ही पिशवी घेऊ नये. आखूड ताठ काठी आणि विणलेली दोरी सुटी घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडाशी मरळीच्या तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसू लागतो. त्याच्याखाली राखणीला असलेल्या जोडीवर बेडूक फेकायचा नाही, हे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. माझ्यासमोर एका तरुणाने “तिथंच तर लागतीया की, मामा,” असे म्हणताच त्यांनी त्याच्या हातातला बेडूक काढून पुन्हा बरणीत टाकला. सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) बाबतीतही असाच विवेक हवा. हा मासा जानेवारी ते मार्च या काळात उथळ पाण्यातील वनस्पतींवर अंडी घालतो, तेव्हा तो गुडघाभर पाण्यात सहज दिसतो आणि नवख्याला फार मोह पडतो.

चाऱ्याची पुडी मला पसंत पडली नाही. भाजलेली शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा यांचे मिश्रण वासाला चांगले आहे, परंतु पुडीवरील सूचनेप्रमाणे ते मुठी-मुठीने टाकले तर न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि कुजताना तेथला उरलासुरला प्राणवायू खातो. उन्हाळ्यात लिंबाएवढे दोन-तीन गोळे पुरेत. उरलेली पुडी गुरांच्या आंबोणात घालता येते, हे तिचे खरे समर्थन.

आता तक्रारी. रिळाचा ताण नियंत्रित करणारी चकती उन्हात तापली की अडखळते; असे एक रीळ मी बदलून घेतले, बदललेलेही थोड्याफार फरकाने तसेच निघाले. दोरी सुट्या फिरकीवर गुंडाळून दिली जाते आणि तिच्यावर जाडी किंवा ताकद छापलेली नसते. मामांचा शब्द मी प्रमाण मानतो, पण दुकानात मुलगा असेल तर कोणती फिरकी हाती येईल याचा नेम नाही. पावती मागितल्याखेरीज मिळत नाही.

सर्वांत मोठी उणीव परवानगीविषयीच्या मौनाची आहे. बहुतेक तलाव आणि धरणांतील मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आणि तेथे हौशी माणसानेही आधी विचारूनच बसले पाहिजे. राधानगरीचा लक्ष्मी तलाव तर अभयारण्याच्या हद्दीत येतो. माशाच्या जागेविषयी इतक्या आपुलकीने बोलणाऱ्या दुकानात माणसाने कोठे बसावे आणि कोठे बसू नये याविषयी चार ओळींचा कागदही लावलेला नसावा, हे पटत नाही.

संपूर्ण पिशवी बाराशे रुपयांच्या आत मिळते. ज्याच्याकडे काठी आणि रीळ आधीच आहे त्याने केवळ सरकती बुचे, काळे मणी, गऱ्या आणि बाटलीतला तापमापक एवढेच घ्यावे. हे सारे दोनशे रुपयांत बसते आणि मामा ते सुटे देण्यास कुरकुर करत नाहीत. अगदी नवख्याने मात्र पूर्ण पिशवी घ्यावी आणि रीळ दुकानातच ओढून पाहावे. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, त्यामुळे सकाळी जाणे सोयीचे, कारण त्या वेळी नदीवरून परतलेली दोन-चार जुनी मंडळी बाकावर बसलेली असतात आणि आज पाणी किती उतरले, मासा किती हातावर मिळाला, याची ताजी खबर त्यांच्याकडून चहाच्या एका कपावर मिळते. मे महिन्यात वळीव पडला की पाणी गढूळ होते आणि सरकत्या बुचाची मागणी थांबते; त्यानंतर ही पिशवी दुकानात मागूनही मिळत नाही.