जुने कर्नल काढताना: ऑटोरिमूव्ह बरं की निवडून पर्ज?

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या ऑफिसात ऐन कामाच्या दिवशी उबुंटू (लिनक्सवरची एक संगणक प्रणाली) 'जागा नाही' म्हणून अपडेट अडवतं, तेव्हा आधी 'डीएफ -एच' चालवून नक्की काय भरलंय ते बघा. एनक्रिप्ट केलेल्या मशीनवर /बूट, म्हणजे मशीन सुरू करायच्या फाइलींची जागा, वेगळं पार्टिशन असतं आणि जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते एक जीबीपेक्षाही लहान सापडतं. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा; अपडेटमध्ये नवा येतो, पण जुना उरतो. एकेका कर्नलची इनिटआरडी (मशीन सुरू होताना लागणारी) फाइलच शंभर एमबीच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे चार-पाच कर्नल साठले की ते भरतं. मुख्य पार्टिशन भरलं असेल, तर कर्नल काढून फार काही हाती लागत नाही. तिथे आधी डाउनलोड आणि जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) तपासा.

बहुतेकांनी 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' (नको झालेली पॅकेजं सेटिंगसकट आपोआप काढणारी आज्ञा) हाच मार्ग घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चालू कर्नल आणि सर्वात नवा कर्नल ते राखतं, ग्रबचा (मशीन सुरू होताना कर्नल निवडायचा) मेनूही आपोआप सुधारतो. अपडेटनंतर एकदा रीस्टार्ट करून मगच चालवा, म्हणजे नव्या कर्नलवर मशीन नीट उठतं याची खात्री होते. याची मर्यादा एकच: कोणी हाताने इन्स्टॉल केलेला कर्नल ते काढत नाही.

तसा कर्नल उरला असेल, किंवा वायफाय ठरावीक जुन्या कर्नलवरच चालत असेल, तर निवडून काढणं बरं. 'युनेम -आर'ने चालू आवृत्ती बघा, 'डीपीकेजी -एल'मध्ये (इन्स्टॉल पॅकेजांची यादी; 'एल' लहान लिपीतला) बाकीच्या शोधा आणि नको तेवढ्याच 'एपीटी पर्ज' करा. हवा तो कर्नल 'एपीटी-मार्क मॅन्युअल'ने राखता येतो. इथे आवृत्तीचा आकडा वाचताना घाई नको. एका अंकाच्या चुकीने कामाचा कर्नल जाईल. टर्मिनलशी ओळख नसेल तर लिनक्स मिंट बरं, त्याच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलची यादी आणि काढायचं बटण दोन्ही आहे.

/बूटमध्ये जाऊन 'आरएम'ने फाइल उडवणं मात्र कुणालाही सुचवणार नाही. जागा लगेच मिळते, पण डीपीकेजीच्या लेखी तो कर्नल अजून इन्स्टॉलच असतो आणि पुढच्या अपडेटला एरर येत राहतात. /बूट पूर्ण भरून ऑटोरिमूव्हच अडकलं, तरी 'डीपीकेजी --पर्ज'ने एक जुना कर्नल त्याच्या मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेजसकट काढा, मग 'एपीटी -एफ इन्स्टॉल' चालवा आणि त्यानंतर ऑटोरिमूव्ह.