इंग्रजीचा तास: वर्तमानपत्र की मोबाइल?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीतली कित्येक मुलं बोलताना अडखळतात. कान तयार करायला मोबाइलच बरा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, हे छापील कागद कसं ऐकवणार? पण रील अर्ध्या मिनिटात संपते, वाक्य हाती लागत नाही. वर्तमानपत्रातली बातमी थांबून, मागे जाऊन वाचता येते. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. हा फरक मुलांनी स्वतः पेन्सिलीने खुणा केल्यावरच त्यांच्या डोक्यात बसतो, असा माझा अनुभव. (शब्दकोश उघडायची सवयही तिथेच लागते.) लेखनासाठी मी वर्तमानपत्रच निवडेन. उच्चारांसाठी मात्र व्हिडिओ, तोही इंग्रजी सबटायटल लावून, दोनदा.