ओहोटीचे घड्याळ आणि न मावळणारा सूर्य

ऐरोलीच्या खाडीकाठी उभे राहिले की रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा दिनक्रम ओहोटीवर चालतो हे लगेच कळते. चिखल उघडा पडताच ते चोच उलटी बुडवून शेवाळ गाळू लागतात आणि भरती चढली की नेरुळच्या पाणथळीकडे विसाव्याला जातात, म्हणून त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. उत्तर ग्रीनलंडच्या कड्यांवरील जाड चोचीच्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्याचे वेळापत्रक मला त्याहून विलक्षण वाटते. तेथे ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे वसाहत चोवीस तास सारखीच गजबजलेली भासते. प्रत्यक्षात उघड्या खडकावरच्या एकुलत्या अंड्यापाशी नर आणि मादी दिवसाच्या ठरलेल्या, परस्परविरुद्ध वेळांना आळीपाळीने बसतात. रोहितांना आपल्या खाडीत अशी पाळी सांभाळावी लागत नाही, कारण येथे ते केवळ चरायला येतात.